पारपटलातील संरक्षक पेशींची मोजणी : नाव एक, माप एक

नेत्रदानात मृत व्यक्तीच्या डोळ्याचा जो भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, तो म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक पडदा, अर्थात पारपटल होय. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. निरोगी पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. तथापि त्याच्या वरच्या थरात शरीराच्या संरक्षक पेशी पहारा देत असतात. त्यांची संख्या वाढणे वा रूप पालटणे ही दाहाची खूण मानली जाते. रोपण केलेले पारपटल शरीर नाकारीत आहे काय, कोरड्या डोळ्यांवरील औषध लागू पडत आहे काय, याचा अभ्यास करताना संशोधक या मोजणीचा आधार घेतात. म्हणूनच मोजणीतील गफलत केवळ कागदावर राहत नाही.

पूर्वी अशा पेशी पाहण्यासाठी ऊतीचा तुकडा काढून रंगवावा लागे. 1868 साली बर्लिन येथे पाउल लांगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने सोन्याच्या क्षाराने त्वचा रंगवून तीत फांद्या असलेल्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जापेशी असाव्यात असे मानले. त्या निघाल्या संरक्षक पेशी. नावाचा घोळ असा जुनाच आहे!

आता कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने जिवंत डोळ्यातील पेशी पाहता येतात. बधिर करणारे थेंब घालून यंत्राचे टोक डोळ्याला अलगद टेकवितात. प्रचलित यंत्राच्या एका छायाचित्रात 400 मायक्रोमीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे 0.16 चौरस मिलिमीटर एवढाच भाग मावतो. त्यात 5 पेशी दिसल्या तर चौरस मिलिमीटरला सुमारे 31 असा हिशेब होतो. 8 दिसल्या तर 50. तीन पेशींचा फरक, पण निष्कर्ष पार वेगळा. शिवाय पारपटलाच्या कडेला या पेशी मध्यापेक्षा अधिक असतात. एकाने सर्वांत दाट छायाचित्र निवडले, दुसऱ्याने अनेकांची सरासरी घेतली, तर दोघांचे आकडे जुळावेत कसे? पीककापणीचा प्रयोग एका गावी बांधालगत व दुसऱ्या गावी शेताच्या मध्यावर करून पैसेवारीची तुलना करण्यासारखेच हे झाले. यास्तव जागा, खोली, छायाचित्रांची संख्या व निवडीची रीत आधी ठरवून ती नोंदविणे आवश्यक ठरते.

नावांचा प्रश्न याहून बिकट आहे. फांद्या नसलेली लहान पेशी ‘अपक्व’ व लांब फांद्यांची ‘पक्व’ डेंड्रिटिक पेशी, अशी सोयीची विभागणी रूढ झाली. फांदी किती लांब असल्यास ती फांदी म्हणावी, याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच जागेची छायाचित्रे ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा घेऊन पेशींची हालचाल टिपली. तेव्हा निरोगी पारपटलातील, आजवर डेंड्रिटिक म्हणून गणल्या गेलेल्या अनेक पेशी वस्तुतः झपाट्याने फिरणाऱ्या टी-पेशी असल्याचे त्यांनी दाखविले. केवळ आकारावरून कूळ ठरविण्याच्या रीतीला हा मोठाच धक्का होता.

त्यामुळे स्थिर छायाचित्र पाहून ‘अपक्व’ असा निवाडा देण्यापेक्षा ‘फांद्या नसलेली पेशी’ असे दिसेल तेच लिहिणे अधिक प्रामाणिक होय. रुग्ण कोणता हे न कळविता दोघांकडून स्वतंत्र मोजणी करवून घेतली, तर मतभेद किती हेही कळते. संग्रहातील जुनी छायाचित्रे नव्या व्याख्येनुसार पुन्हा मोजता येतील. त्यांतील पेशी चालत होती की थांबली होती, हे मात्र एकेकट्या छायाचित्रावरून सांगता येणार नाही.