तलावाचे दार आणि संगणकाची अनुमती

गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख आहे. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु येथील तलाव त्याहून कितीतरी जुने आहेत. कोहळी समाजातील कुशल माणसांनी जमिनीचा उतार अचूक हेरून मातीचे बांध घातले व पावसाचे पाणी अडविले. पुढे ते मालगुजारांकडे राहिले. मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ ठरले आणि लोकांच्या तोंडी नुसते ‘मामा तलाव’ झाले.

अशा तलावाच्या बांधात पाणी सोडण्याचे दार असते. पाटात आलेले पाणी आपल्या बांधीत वळविणे हे प्रत्येक शेतकऱ्याचे नित्याचे काम. त्यासाठी तो कोणाची परवानगी मागत नाही. मुख्य दाराची गोष्ट मात्र निराळी. ते कोणी अवेळी उघडले, तर त्याच्या एकट्याचेच नव्हे, खालच्या साऱ्या बांध्यांतील धान धोक्यात येते. म्हणून ते काम नेमलेल्या माणसाकडे असते. आणि तो माणूसही काम पडले म्हणजे दार उघडतो व काम सरताच बंद करतो; दार उघडे टाकून घरी जेवायला जात नाही.

घरातील संगणकाचीही व्यवस्था अशीच असते. पत्र लिहिणे, चित्र काढणे, गाणे ऐकणे ही बांधीतील कामे होत. नवा प्रोग्राम बसविणे किंवा यंत्र ज्यांच्या बळावर चालते त्या मूळ फायलींना हात लावणे, हे तलावाचे दार उघडण्यासारखे आहे. हा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याला ‘प्रशासक’ अथवा ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात.

हा विचार जुना आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली उभारण्यास आरंभ केला. तीत सर्वाधिकारी वापरकर्त्यास ‘रूट’ असे नाव होते, आणि इतरांचे अधिकार मर्यादित होते. १९७५ साली सॉल्ट्झर आणि श्रोडर या संशोधकांनी एका लेखात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले: प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला कामापुरताच अधिकार असावा, अधिक नसावा. घरगुती संगणकांनी मात्र हा धडा फार उशिरा गिरविला. १९९५ च्या विंडोजमध्ये यंत्रासमोर बसेल तो सर्वाधिकारी, असाच प्रकार होता. २००१ च्या विंडोज एक्सपीत भेद होता खरा. पण बहुतेक घरांत सारेच प्रशासक होऊन वावरत. त्यामुळे चुकून चालविलेल्या दुष्ट प्रोग्रामलाही तेच अधिकार आयते मिळत.

२००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने यावर उपाय योजला. प्रशासकसुद्धा एरवी सामान्य अधिकारानेच काम करील; मोठे काम निघाले, की संगणक थांबून विचारील, ‘या प्रोग्रामला बदल करू द्यावयाचे काय?’ त्या वेळी सारा पडदा मंद होतो आणि केवळ प्रश्नाची चौकट उजळ राहते. हा देखावा नव्हे. त्या क्षणी इतर प्रोग्रामांना त्या चौकटीपर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून कोणताही लबाड प्रोग्राम स्वतःच ‘होय’ दाबू शकत नाही. उत्तर माणसानेच द्यावयाचे. योजना उत्तम होती. परंतु व्हिस्टा उठल्या-बसल्या हा प्रश्न विचारू लागली. लोक कंटाळले आणि न वाचताच ‘होय’ दाबू लागले. पहारेकरी पानाच्या सळसळीलाही ओरडू लागला, तर घरचे लोक कूस बदलून झोपणारच. २००९ च्या विंडोज ७ मध्ये हे प्रश्न कमी करण्यात आले.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखाद्या घरी असा प्रसंग घडतो, असे समजा. घरात एकच संगणक आहे. त्यात बाबांनी यंदाच्या धानविक्रीचा हिशेब ठेवला आहे. सातवीतील मुलीने मैत्रिणीकडून पेन ड्राइव्हवर एक खेळ आणला. खेळ बसविताना पडदा मंद झाला. तिने माउस सरसावला, तोच मागून दादा म्हणाला, “थांब. प्रश्न वाचलास का?”

“दादा, तो नेहमीच विचारतो. ‘होय’ म्हटल्यावाचून पुढे जाताच येत नाही.”

“खेळ कोणी तयार केला, म्हणून लिहिले आहे?”

तिने वाचून पाहिले. “प्रकाशक अज्ञात.”

“अनोळखी माणसाने घराची किल्ली मागितली, तर तू देशील काय?”

तिने ‘नाही’ दाबले. खेळ गेला, याचे तिला वाईट वाटलेच.

दादाने त्या संध्याकाळी संगणकात तिचे स्वतंत्र खाते उघडले. त्या खात्यातून मोठे काम करावयाचे झाल्यास प्रशासकाचा पासवर्ड लागे आणि बाबांच्या फायली तिच्या खात्यातून उघडत नसत. मग त्याने हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवली.

“पहारेकरी आहे ना? मग प्रत कशाला?” तिने विचारले.

तिचा प्रश्न रास्त होता. ही चौकट यंत्राच्या मुख्य दाराशी उभी असते. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फायली बदलावयास किंवा पुसावयास तिची अनुमती लागत नाही. म्हणून त्या खात्यात शिरलेला वाईट प्रोग्राम काहीही न विचारता त्या बिघडवू शकतो. “उद्या बाबांच्याच हातून चूक झाली, तर?” एवढेच दादा म्हणाला.

काही दिवसांनी संगणक अडखळू लागला. मूळ फायली तपासून दुरुस्त करणारी एक आज्ञा आहे. तिचे नाव ‘एसएफसी स्कॅननाऊ’. आज्ञा देण्यासाठी ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडावी लागते. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. अक्षरे टंकावी आणि एंटर दाबावे. मुलीने ती उघडली आणि आज्ञा टंकली. खिडकीने उत्तर दिले, की यासाठी प्रशासक असावे लागते.

दादाने तीच खिडकी ‘प्रशासक म्हणून’ उघडली. पडदा मंद झाला. त्याने प्रकाशकाचे नाव वाचले, मग पासवर्ड दिला. या वेळी खिडकीच्या माथ्यावर ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ असे लिहिलेले होते.

“आता इथे दिलेल्या प्रत्येक आज्ञेला तोच अधिकार,” तो म्हणाला. “ही खिडकी पुन्हा विचारणार नाही. आणि इथे पुसलेली फाइल कचरापेटीतही सापडत नाही.”

तिने कळफलकावरचे हात मागे घेतले. दोघे टक्केवारीचे आकडे चढताना पाहत बसली. शंभर झाले, तपासणी पुरी झाल्याचा मजकूर उमटला. खिडकीत आणखी काय काय करता येते, हे तिला विचारावयाचे होते. पण तोवर दादाने ती बंद केली होती.