बोटीची बॅटरी बसली तर : मोठेबाबांचे कानमंत्र

बाबू, तारकर्लीला वॉटर स्कूटर चालवून आलास, आता आपल्या नदीवर बोट सांभाळतो म्हणतोस, चांगलंच आहे. पण तिकडचं इंजिन हंगामभर रोज फिरतं. आपली बोट उन्हाळाभर टिनाच्या शेडखाली निजते. मग गोसेखुर्दचे दरवाजे उघडले, वैनगंगा फुगली, भामरागडला पर्लकोटेला पूर आला, की तिने एका हाकेत उठावं अशी सगळ्यांची अपेक्षा. सेल्फ मारावा तर नुसती 'टक'! बॅटरी जुलैत बसली म्हणतात लोक. ती मे महिन्यातच बसलेली असते, कळतं तेवढं जुलैत. म्हणून हे कानात घालून ठेव.

१. सेल्फ अगदीच मुका असेल तर आधी मनगटाची लाल सुरक्षा-दोरी जागेवर आहे का आणि गिअर न्यूट्रलला आहे का ते बघ — कैकदा बॅटरी बिचारी ठणठणीत असते, विसरलेलो आपणच असतो.

२. दुसऱ्या बॅटरीचा दम उसना घ्यायची जंपर केबल बाहेर काढण्याआधी बोट काठाला आणून दोराने बांध — इंजिन थांबलं तरी धार थांबत नाही.

३. सीट, झाकण उघडून दहा मिनिटं वारा लागू दे आणि बिडीवाल्या काकाजींना गोड बोलून दूर बसव — पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती तळाशी साचते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो तो वेगळाच. पेट्रोलचा वास जाईपर्यंत चिमट्याला हात नाही.

४. बॅटरी फुगली, तडकली किंवा गळत असली तर तिच्या नादी लागू नको — ती फुटली तर ॲसिड तोंडावर येतं. उडालंच अंगावर, तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि डोळ्यात गेलं तर धुऊन तडक दवाखाना.

५. देणारी बॅटरीही १२ व्होल्टचीच हवी, ट्रकची २४ व्होल्टची नको — इंजिनाचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स जळेल. मोठ्या घरचं जेवण लहान पोटाला बाधतं.

६. जीप काठावर आणलीस तर तिचं इंजिन बंद ठेव — तिच्या आल्टरनेटरचा जोर छोट्या बॅटरीला आणि बारीक वायरिंगला झेपत नाही.

७. अंगठी, कडं काढ, करदोडा कपड्याच्या आत खोच — प्लस आणि लोखंड यांच्यात धातू सापडला की क्षणात लाल होतो आणि कातडी सोलतो.

८. लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगलीच्या प्लसला. काळा चांगलीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा बोटीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब — शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. ठिणगीला बंदी घालता येत नाही, जागा मात्र नेमून देता येते.

९. सेल्फ पाच सेकंद दाब, मग मिनिटभर थांब. तीन-चारदा उठलं नाही तर सोड — सेल्फची मोटर जळाली की एका दुखण्याची दोन होतात.

१०. सुरू झालं की चिमटे उलट्या क्रमाने काढ, इंजिनावरचा काळा सगळ्यात आधी — काढतानाही ठिणगी उडते, आणि आनंदात हीच शिस्त सुटते.

११. कोरड्यावर रेस देऊ नको. वॉटर स्कूटर पंधरा सेकंदांच्या आत बंद कर — ती नदीचंच पाणी ओढून थंड होते. आउटबोर्डही तसाच, कोरड्यावर त्याच्या पंपाचा रबरी पंखा जळतो.

१२. लहान आउटबोर्डला झाकणाखालच्या चाकावर दोरी गुंडाळायची खाच असते का ते आजच बघून ठेव, आणि ती दोरी बोटीतच ठेव — बॅटरी बसली तरी हात बसलेले नसतात. ओढताना गिअर न्यूट्रलला, गमछा काढून बाजूला.

१३. इंजिन उठलं म्हणजे बॅटरी भरली असं समजू नको. घरी नेऊन लहान चार्जरला रात्रभर लाव — छोटं इंजिन फार थोडं चार्जिंग करतं. उसना दम एका फेरीपुरता.

१४. उन्हाळ्यात बॅटरीची मायनसची वायर सोडून ठेव, महिन्यातून एकदा चार्ज कर, मीटर लाव — भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर दाखवते, १२.४ च्या खाली आली की ती मदत मागते आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात ठेवलेली बॅटरी काम न करताही खंगते.

१५. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून काढ, नट आवळ, वर व्हॅसलीनचा हात फिरव — बरेचदा बॅटरी चांगली असते, पकड ढिली असते.

१६. मृग लागला की दर आठवड्याला बोट पाण्यात उतरवून एकदा सुरू कर, आणि वल्ही, शिट्टी, लाइफ जॅकेट तिथेच मोजून घे — पूर आल्यावर पलीकडे एखादी अडलेली बाई थांबलेली असेल. तिच्या घरच्यांसमोर केबल शोधत बसायची पाळी तुझ्यावर येऊ नये, एवढंच.