लेकीचा अभ्यास आता मला दिसत नाही

माझी लेक अमेरिकेच्या नौदलात आहे. जहाजावरची अणुभट्टी चालवणाऱ्यांपैकी ती एक. नौदलात त्यांना ‘न्यूक’ म्हणतात. आधी शिकागोच्या उत्तरेला ग्रेट लेक्सचा बूट कॅम्प, मग साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनजवळच्या गूस क्रीकला ‘ए स्कूल’, त्यानंतर ‘पॉवर स्कूल’ आणि शेवटी खऱ्या अणुभट्टीवरचं ‘प्रोटोटाइप’ अशी या शिक्षणाची वाट. दीड-दोन वर्षं सहज जातात. तेवढ्या काळात माझंही थोडं शिकणं झालं आणि ते घडलं तिच्याबरोबर शिकणाऱ्या मुलामुलींच्या आयांमुळे. त्यातलं मनात राहिलेलं इथे मांडते.

१. अठरा पूर्ण झाली की आईची सही लागत नाही. लेकीने मला सांगितलं तेव्हा तिचं ठरून झालं होतं. आमच्याकडे बारावीनंतर चार वर्षं कॉलेज हे धरूनच चाललेलं. माहेरी साताऱ्याला फोन केला, तर पहिला प्रश्न आला, “मर्चंट नेव्ही का गं?” इथे ओहायोत मंडळाच्या गणपतीला दुसरा, “मग डिग्रीचं काय?” उत्तरं देता देता लक्षात आलं, लोक विचारत होते ते माझ्याच मनातलं होतं. या शाखेत जायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, गणित-विज्ञानाची अवघड चाळणी पार करावी लागते आणि सहा वर्षं बांधून घ्यावी लागतात. हे सगळं तिने नीट वाचलेलं होतं. मला पटायला पुढे बरेच महिने लागले. तिच्या बाजूला उभं राहायला मात्र पटण्याची वाट बघून चालणार नव्हतं.

२. माया लपवायची गोष्ट नाही, हे मला एका सरकारी अर्जाने शिकवलं. गोपनीय काम करायचं म्हणून तिची कसून चौकशी होणार होती. त्यासाठीच्या लांबलचक अर्जात एक भाग परदेशी नागरिकांविषयी होता: गेल्या सात वर्षांत ज्यांच्याशी तुमचा जिव्हाळ्याचा संबंध आहे, अशांची माहिती द्या. म्हणजे पहिलं नाव आजीचं. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर नातीला “जेवलीस का?” विचारणारी आजी. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, तिच्या पिढीतल्या असंख्य लोकांची असते तीच. ते सगळं लिहिताना माझ्या मनात भीती होती, की हीच माया लेकीच्या आड येईल. तसं काही झालं नाही. अर्जाला नाती तोडलेली नको होती, खरी सांगितलेली हवी होती. आजीला हे समजलं तेव्हा तिने अभिमानाने गल्लीत सांगितलं, की अमेरिकेच्या सरकारच्या कागदावर आपलं नाव गेलं.

३. पत्रात बातमी नसली तरी चालते. बूट कॅम्पला पोचल्यावर दोन-चार वाक्यांचा फोन येतो, मग फोन जमा होतो आणि त्या नऊ-दहा आठवड्यांत हाती येतात ते मोजके कॉल आणि टपालाची पत्रं. ज्यांची मुलं आधी जाऊन आली होती, त्या आयांनी मला समजावलं, की पाकीट साधं ठेव, त्यावर चित्रं-स्टिकर नकोत, आणि रोज लिही. रोज काय लिहायचं? अंगणात पडलेली पानं, बिघडलेला मिक्सर, शेजारच्यांचं नवीन कुत्रं. हेच तिला हवं होतं, कारण तिथे घर हीच एक गोष्ट नव्हती. आजीनेही साताऱ्याहून मराठीत लिहिलं. लेक रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली, अक्षरं जुळवत सावकाश वाचते. ती नंतर म्हणाली, “आई, आजीचं पत्र मला आठवडाभर पुरायचं.” शेवटच्या रात्रभराच्या परीक्षेनंतर ‘रिक्रूट’ लिहिलेली टोपी जाते आणि ‘नेव्ही’ लिहिलेली डोक्यावर येते. दीक्षान्त संचलनाला तिला पाहिलं, तेव्हा ती मला क्षणभर परकी आणि तितकीच ओळखीची वाटली.

४. मी लेकीवर माया करायचे ती तिचा अभ्यास घेऊन. आपल्याकडच्या किती आयांचं असंच असतं! पाढे, स्पेलिंग, पुढे बीजगणित. रात्री डायनिंग टेबलवर आमचं दोघींचं जग असायचं. गूस क्रीकला ते जग बंद झालं. तिथली वह्या-पुस्तकं गोपनीय. ती इमारतीबाहेर येत नाहीत. वर्ग संपल्यावरचा अभ्यासही तिथेच बसून करायचा, आणि आठवड्याला किती तास बसायचं तेही नेमून दिलेलं. अणुभौतिकी, उष्मागतिकी, रसायन, वीजनिर्मिती असे विषय आहेत एवढं मला माहीत, त्यापुढचं काही नाही. “आज काय शिकलीस?” हा आमचा रोजचा प्रश्न निरुपयोगी झाला. त्याच्या जागी काय विचारायचं ते मला सुचेना. मग हळूहळू प्रश्न बदलले: झोप झाली का, मेसमध्ये काय होतं, मैत्रिणीचं काय चाललंय, समुद्रावर गेलीस का. आणि अभ्यास मध्ये नसताना ती माझ्याशी जास्त बोलू लागली.

५. पुरेसं म्हणजे पुरेसं, हे मला या शाळेमुळे उमगलं. तिथे गुण ४ पैकी मिळतात आणि २.५ ला पास. आमच्या माहेरी नव्वद टक्के घेऊन गेलं तरी “बाकीचे दहा कुठे राहिले?” असं विचारलं जायचं. शाळेत पहिल्या पाचात असलेली माझी लेक फोनवर २.८ चा आनंद सांगत होती आणि त्या आनंदात सामील व्हायला मला जरा वेळ लागला. एका अनुभवी आईने मला सांगितलं, की तिथे वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेतला हुशार मुलगाच असतो, आणि बऱ्याच जणांना आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट डोक्यात शिरत नाही म्हणजे काय ते तिथे कळतं. न समजलेलं घेऊन शिक्षकापुढे जाणं, पुन्हा पुन्हा विचारणं, हेच त्या शिक्षणाचं मर्म आहे. हे हुशारीपेक्षा अवघड असतं.

६. कडकपणामागचं कारण समजलं की त्याचा राग कमी होतो. हे सगळं ज्यांनी उभं केलं, ते ॲडमिरल हायमन रिकोव्हर. १९०० साली तेव्हाच्या रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईबरोबर अमेरिकेत आलेले. म्हणजे तेही बाहेरून आलेल्या घरातलंच मूल, हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला. जगातली पहिली अणुशक्तीवरची पाणबुडी ‘नॉटिलस’ त्यांच्या ध्यासातून झाली आणि १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर समुद्रात निघाली. जबाबदारी वाटून टाकता येत नाही, ती कुणा एकाच्या अंगावर असावीच लागते, हा त्यांचा आग्रह होता. आज वीस-बावीस वर्षांची मुलं पाळीवर अणुभट्टी सांभाळतात ती याच शिस्तीत. चार्ल्स्टनला प्रोटोटाइपसाठी धक्क्याला कायमच्या बांधलेल्या दोन जुन्या पाणबुड्या आहेत. त्यातली ‘सॅन फ्रान्सिस्को’ ८ जानेवारी २००५ रोजी ग्वामपासून शेकडो किलोमीटरवर समुद्राखालच्या डोंगरावर वेगात आदळली होती. एक खलाशी गेला, बरेच जखमी झाले, नाकाचा भाग चेचला गेला. पण अणुभट्टीला धक्का लागला नाही आणि पाणबुडी स्वतःच्या ताकदीने ग्वामला परतली. तिथे शिकणाऱ्या मुलांना वेगळं काही सांगावं लागत नसेल.

७. अर्ध्यावर बाहेर पडलेलं मूल हरलेलं नसतं. या शिक्षणातून काही मुलं गळतात. कुणाला विषय झेपत नाही, कुणाची तब्येत साथ देत नाही. त्यांना नौदल आपल्या गरजेप्रमाणे दुसरं काम देतं. माझ्या ओळखीतल्या एका आईचा मुलगा पॉवर स्कूलमधून असा बाहेर पडला. ती कितीतरी दिवस कुणाचा फोन घेईना, जणू नापास तीच झाली होती. बाकीच्या आया मात्र आळीपाळीने फोन करत राहिल्या. त्यांच्यापैकी कुणीही तिला “जे होतं ते भल्यासाठी” असं म्हटलं नाही; त्या फक्त तिच्या मुलाची चौकशी करत राहिल्या. आज तो एका जहाजावर दुसऱ्या कामात आहे आणि खुशीत आहे. मुलाच्या परीक्षेला आई इतकी चिकटून बसते, हे मला तिच्याकडे पाहून दिसलं आणि मी माझी पकड सैल केली.

८. मनाविषयी सरळ विचारावं. प्रोटोटाइपला बारा-बारा तासांच्या फिरत्या पाळ्या असतात. दिवस-रात्र उलटीपालटी होते, प्रत्येक यंत्रणेसाठी तोंडी परीक्षा देऊन सही मिळवायची असते, शेवटी तज्ज्ञांसमोर बसायचं असतं. अशात माणूस एकटा पडतो. आपल्याकडे “टेन्शन घेऊ नकोस” म्हणून विषय संपवतात. इथल्या आयांनी मला विचारायला शिकवलं: “तुला जगणं नकोसं वाटतं का?” हे शब्द पहिल्यांदा तोंडातून काढताना माझा आवाज कापला. पलीकडे ती गप्प झाली, मग म्हणाली, “नाही आई, पण विचारलंस ते बरं केलंस.” विचारल्याने असे विचार मनात शिरत नाहीत; दार उघडं आहे एवढं मुलाला कळतं. तिथल्या तळावर पाद्री आणि समुपदेशक असतात, ९८८ हा क्रमांक फिरवून १ दाबला की सैनिकांसाठीची मदत मिळते. हे तिच्याआधी मी पाठ केलं.

९. काही गोष्टी न सांगणं हीसुद्धा साथ असते. जहाज कधी निघणार, कुठे जाणार, कधी परतणार, हे कुणी विचारायचं नाही आणि कळलं तरी बोलायचं नाही, हा या आयांचा पहिला नियम. सुरुवातीला मला तो कोरडा वाटला. हळूहळू लक्षात आलं, की तारखा काढून टाकल्यावरही बोलायला खूप उरतं. टेक्सासची एक आई, अलाबामाची एक, एक मूळची फिलिपिन्सची. धर्म, राजकारण, स्वयंपाक यातलं आमचं काहीही जुळत नाही. तरी रात्री दोन वाजता मी जागी असेन तर आणखी कोण जागी असेल, हे मला नेमकं माहीत असतं.

१०. वाट पाहणं मी नव्याने शोधून काढलेलं नाही. लेक आता पाणबुडीवर असते. अमेरिकेच्या पाणबुड्यांवर स्त्रिया अधिकारी २०११ मध्ये आल्या आणि अधिकारीपदाखालच्या पहिल्या स्त्री-खलाशी २०१६ मध्ये ‘मिशिगन’ पाणबुडीवर. लेकीची पाणबुडी निघाली की आठवडेच्या आठवडे शब्द येत नाही. १९६३ साली ‘थ्रेशर’ १२९ जणांसह बुडाली आणि १९६८ मध्ये ‘स्कॉर्पियन’ ९९ जणांसह, हे प्रत्येक पाणबुडीवाल्याच्या आईला ठाऊक असतं. कुणी बोलून दाखवत नाही. माझ्या माहेरच्या जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून फौजेत जाणारं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या तिथल्या जवानांचं स्मारक गावात आहे. लहानपणी मी ते पाहिलं होतं, पण तेव्हा जवानच दिसले होते. आता त्यांच्या आया दिसतात. वाचता न येणाऱ्या, मुलगा कोणत्या देशात लढतोय हेही न कळणाऱ्या. मुलाच्या कामातलं काहीच ठाऊक नसताना त्यांनी आईपण निभावलं होतं.

मला समजलं ते एवढंच: मुलांच्या आयुष्यातलं बरंचसं आपल्याला दिसेनासं होतं, आणि तरीही आपण त्यांचे असतो. तुमच्या मंडळात, सोसायटीत, गावात कुणाचं मूल सैन्यात किंवा नौदलात गेलं असेल, तर त्याच्या आईला पगार, डिग्री, पोस्टिंग विचारू नका. तिच्याकडून त्याचा पत्ता घ्या आणि आजच त्याला चार ओळी लिहा.