एकाच मालावर किती काळ विसंबावें?

ज्या व्यापाराचा सर्व भार एकाच मालावर असतो, त्याची भरभराट त्या मालाच्या मागणीबरोबर चढते व तिच्याबरोबरच उतरते. म्हणून शहाणा व्यापारी जोडधंदा शोधतो. परंतु जोडधंदा मिळाला म्हणजे कंपनीच्या शेअराची किंमत दीर्घ काळ टिकतेच काय? या प्रश्नाचा विचार संगणकाची चिप करणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्यांच्या इतिहासावरून करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेअराची किंमत हें केवळ आजच्या नफ्याचें मोजमाप नव्हे; कंपनी पुढें अनेक वर्षें काय मिळवील याविषयींची लोकांची अपेक्षा तींत सामावलेली असते. ही अपेक्षा जितकी एका मालावर अवलंबून, तितकी ती नाजूक.

इंटेल कंपनी १९६८ सालीं रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनीं कॅलिफोर्नियांत स्थापिली. आरंभीं तिचा मुख्य माल म्हणजे माहिती सांठविणारी स्मृति-चिप. १९७१ सालीं तिनें ४००४ नांवाचा प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी चिप, बाजारांत आणिला. पुढें जपानी कारखान्यांच्या चढाओढीपुढें संगणकाच्या मुख्य स्मृति-चिपेंत टिकाव लागेना, तेव्हां १९८५ सालीं इंटेलनें तो धंदा सोडून प्रोसेसरावर भर दिला. घरांतच वाढलेल्या जोडधंद्यानें कंपनी तारिली.

यानंतर प्रोसेसरावरील भार हलका करावा म्हणून इंटेलनें तयार कंपन्या विकत घेतल्या. संगणकाचें रक्षण करणारी मॅकाफी कंपनी सुमारें ७.७ अब्ज डॉलरांस घेण्याचें तिनें २०१० सालीं ठरविलें. २०१७ सालीं तिचा निम्म्याहून अधिक वांटा विकून टाकिला. विकल्यानंतरही अंतर्गत जोडणी बदलतां येते अशी चिप करणारी आल्टेरा कंपनी २०१५ सालीं १६.७ अब्ज डॉलरांस घेतली. २०२५ सालीं तिचा ५१ टक्के वांटा विकतांना सर्व कंपनीचें मोल ८.७५ अब्ज डॉलरच धरलें गेलें. मधल्या काळांत अधिक सूक्ष्म चिप घडविण्याचें इंटेलचें स्वतःचें काम कित्येक वर्षें रखडलें. २०२४ सालीं १५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करण्याचें व भागधारकांचा लाभांश थांबविण्याचें तिनें जाहीर केलें.

आतां एन्व्हिडियाकडे पाहूं. १९९३ सालीं स्थापन झालेली ही कंपनी पडद्यावर खेळांचीं चित्रें उमटविणारी चिप करीत असे. त्याच चिपेकडून शास्त्रीय गणित करवून घेतां यावें म्हणून तिनें २००६ सालीं ‘कुडा’ नांवाची आज्ञाप्रणाली जाहीर केली. २००८ सालीं तिच्या शेअराची मोठी घसरण झाली, तरी हें काम तिनें सोडिलें नाहीं. २०१२ सालीं टोरोंटो विद्यापीठांतील संशोधकांनीं तिच्या दोन चिप-पाट्यांच्या साह्यानें संगणकास चित्रें ओळखावयास शिकविलें, आणि कुडाचें महत्त्व जगास कळलें. खरेदी एन्व्हिडियानेंही केली: अनेक संगणक वेगानें जोडणारी मेलानॉक्स कंपनी तिनें २०२० सालीं सुमारें ७ अब्ज डॉलरांस घेतली. परंतु ती तिच्या चिपेसच पूरक होती. जानेवारी २०२५ मध्यें संपलेल्या वर्षीं तिची विक्री १३०.५ अब्ज डॉलर झाली, पैकीं ११५.२ अब्ज डॉलर मोठमोठ्या संगणक-केंद्रांकडून आले. नोव्हेंबर २०२४ मध्यें न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध डाऊ जोन्स निर्देशांकांत तिनें इंटेलचीच जागा घेतली.

तथापि शंभरांतील अठ्ठ्याऐंशी डॉलर एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकांकडून येणें, ही पुन्हां एका मालावरची भिस्तच होय. इंटेलपुढें उभा राहिलेला प्रश्न आज एन्व्हिडियाच्या दारींही उभा आहे.

वडाची पारंबी जमिनींत रुजली म्हणजेच तिचें खोड होतें व झाडाचा भार तोलतें. अधांतरी लोंबणारी पारंबी नुसता भार वाढविते. विद्यार्थीहो, उद्यां तुम्ही मिळवूं लागाल, आणि अमुक कंपनीचे दहा धंदे आहेत, तिच्यांत पैसा घाला, असें कोणी सांगेल. तेव्हां धंद्यांची संख्या मोजूं नका. नवा धंदा जुन्या कसबांतून निघाला आहे काय, आणि त्यापायीं मूळ काम उपेक्षिलें तर जात नाहीं ना, हें आधीं विचारा. घरची कष्टाची शिल्लक दुसऱ्याच्या हातीं देणारास एवढें विचारण्याचा अधिकार आहे. नव्हे, तें त्याचें कर्तव्य आहे.