फूटपाथला गुण कसे देतात?

प्रश्न : कोणत्या शहरात पायी चालणं किती सोयीचं आहे, याची क्रमवारी अधूनमधून छापून येते. हे मोजतात कसं? आमच्या भागापुरतं आम्हाला मोजता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येईल, आणि जरूर मोजा. फक्त मोजायचं काय, हे आधी पक्कं करा. घोळ होतो तो तिथेच.

अमेरिकेत २००७ साली ‘वॉक स्कोअर’ नावाची पद्धत निघाली. घरापासून दुकान, शाळा, बाग किती अंतरावर आहे, यावर ती गुण देते. तिकडच्या पसरलेल्या उपनगरांत अंतर हीच मुख्य अडचण असल्यामुळे तिथे ती उपयोगी पडते. तीच पद्धत सदाशिव पेठेला लावली, तर पेठ चांगल्या गुणांनी पास होईल, कारण वाणी, दवाखाना, शाळा, देऊळ सगळंच हाकेच्या अंतरावर आहे. पण तेवढ्या अंतरात दुचाकींमधून वाट काढणाऱ्या सत्तरीच्या आजींचे हाल त्या गुणांत कुठेच दिसत नाहीत.

‘किती लोक चालतात’ हाही आपल्याकडे भरवशाचा निकष नाही. कराची असो वा मनिला, हजारो लोक चालतात ते रिक्षा परवडत नाही म्हणून. रस्ता कितीही वाईट असला तरी त्यांची पावलं थांबत नाहीत.

हे ओळखून हॉली क्रॅमबेक यांनी २००६च्या सुमारास जागतिक बँकेसाठी विकसनशील देशांतल्या शहरांचा विचार करून वेगळा निर्देशांक बांधला. पाहणी करणारा स्वतः रस्त्यावर चालतो आणि एक ते पाच गुण देतो : फूटपाथ आहे का, त्यावर गाड्या चढतात का, रस्ता ओलांडायला जागा आणि पुरेसा वेळ मिळतो का, वाहनचालक थांबतात का, वाटेत अडथळे किती, अपंगांसाठी सोय काय, एकट्यानं चालताना भीती वाटते का. मला यातली सगळ्यात न्याय्य वाटणारी गोष्ट पुढे आहे. या गुणांना रस्त्याची लांबी आणि तिथल्या पादचाऱ्यांची संख्या यांचं वजन दिलं जातं. त्यामुळे बंगल्यांच्या सोसायटीतला गुळगुळीत, रिकामा फूटपाथ रेल्वे स्टेशनबाहेरच्या खड्ड्यांवर पांघरूण घालू शकत नाही. पुढे याच पद्धतीत फेरफार करून आशियातल्या १३ शहरांची पाहणी झाली. त्यात जकार्ता, काठमांडू, कोलंबोबरोबर आपल्याकडचं कोटाही होतं.

दोष आहेतच. दोन माणसं एकाच रस्त्याला वेगळे गुण देतात. शिवाय पथारीवाले या हिशेबात निव्वळ अडथळा ठरतात. रात्री नऊला त्यांच्याच दिव्यांमुळे आणि वर्दळीमुळे एकट्या बाईला धीर येतो, हे मात्र सुटून जातं. पथारी हटवली की रस्ता आपोआप चालण्याजोगा होतो, असं मी मानत नाही. चालायला मोकळी पट्टी राखून पथारीला जागा आखून देणं शक्य असतं.

तुम्ही मोजणार असाल तर मीटरटेप घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्याची पट्टी किमान १.८ मीटर रुंद आणि पूर्ण मोकळी हवी, तर फूटपाथची उंची रस्त्यापासून फार तर १५० मिलिमीटर. रुंदी भिंतीपासून कडेपर्यंत मोजू नका. डीपी, झाड, पाटी आणि उभी दुचाकी वगळून जी उरेल तीच खरी. उंची तर मोजाच. गुडघे दुखणारा माणूस उंच फूटपाथ टाळून गाड्यांच्या बाजूनं का चालतो, ते तिथेच कळतं. पाहणी सकाळी एकदा आणि संध्याकाळच्या गर्दीत एकदा करा, आणि सोबत काठी टेकत चालणारं कुणीतरी असू द्या. त्यांची अडचण म्हणजेच त्या रस्त्याचे गुण.

मोकळा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे तुमचा तक्ता, फोटो आणि मापं घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जाताना विनवणीचा सूर लावू नका. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, त्या अर्जालाही हीच मापं जोडा.