मातीवरचे सात रंग

इराण देशात तेहरानच्या दक्षिणेस, वाळवंटाच्या काठी, काशान नावाचे एक जुने शहर आहे. तेथील कुंभारांची कीर्ती एके काळी एवढी पसरली होती, की भिंतीवर बसवावयाच्या चकचकीत रंगीत फरशीला फारसी भाषेत या शहरावरूनच ‘काशी’ असे नाव पडले. याच काशानमध्ये बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मातीच्या भांड्यांवर मिन्याने चित्रे रंगविण्याची कला उदयास आली.

मुलांनो, ‘मिना’ हा शब्द तुम्हांला परका नाही. दागिन्यांवर रंगीत काचेची जी नक्षी भाजून बसवितात, तिला आपण मिनाकाम म्हणतो. हा शब्द फारसीतूनच मराठीत आला आहे. काशानच्या या भांड्यांना आज ‘मिनाई’ म्हणतात. जुन्या काळी मात्र त्यांचे नाव ‘हफ्तरंग’, म्हणजे सप्तरंगी, असे होते. ‘हफ्त’ म्हणजे सात. सात दिवसांचा आपला ‘हप्ता’ही त्याच कुळातला.

चीन देशातून येणारी शुभ्र, पातळ भांडी पाहून इराणी कुंभारांना तशीच भांडी घडविण्याची इच्छा होई. परंतु चीनमधील ती विशिष्ट माती त्यांच्याजवळ नव्हती. तेव्हा त्यांनी युक्ती योजिली. दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती असे मिश्रण करून त्यांनी भांडी घडविली. त्यांवर कथील मिसळलेली झिलई दिली, की भांडे दुधासारखे पांढरे दिसे. चित्रकाराला जणू कोरा कागदच मिळाला!

मात्र खरी अडचण पुढेच होती. निळा रंग भट्टीची प्रखर आच सहन करतो. तांबडा व सोनेरी हे रंग ती सोसू शकत नाहीत. म्हणून निळ्यासारखे कणखर रंग झिलईबरोबर पहिल्या भट्टीत भाजीत. भांडे निवाले, की बारीक कुंचल्याने त्यावर नाजूक रंगांत घोडेस्वार, राजे, वादक आणि पक्षी रेखाटीत, आणि मग ते मंद आचेच्या दुसऱ्या भट्टीत ठेवीत. दोनदा भाजावयाचे म्हणजे इंधन दुप्पट आणि भांडे तडकण्याचे भयही दुप्पट. आच थोडी चढली तर रंग बिघडत. उतरली तर ते झिलईला धरत नसत. ही आच ओळखण्यास त्या काळी कोणतेही यंत्र नव्हते. ते ज्ञान कारागिराच्या डोळ्यांत आणि हातांत होते.

अशा कारागिरांपैकी एकाचे नाव आपणांस ठाऊक आहे. अबू झैद याने 1186 साली रंगविलेला एक वाडगा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यावर त्याने आपले नाव व काळ लिहून ठेवला आहे.

वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयातील एक पेला तर फारच प्रसिद्ध आहे. तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा असून त्याची उंची सुमारे 12 सेंटिमीटर आहे. फिर्दौसी या महाकवीच्या ‘शाहनामा’ ग्रंथातील बिझन आणि मनीझा यांची कथा त्यावर लहान लहान चित्रांत क्रमाने रंगविली आहे. शत्रूची राजकन्या मनीझा हिच्यावर बिझनचे प्रेम जडते. तिचा पिता अफ्रासियाब त्याला खोल विहिरीत कोंडून तिच्या तोंडावर प्रचंड शिळा ठेवतो. मनीझा घरोघर अन्न मागून त्याला जगविते, आणि शेवटी व्यापाऱ्याच्या वेषात आलेला महावीर रुस्तुम त्याची सुटका करतो. शाहनाम्याच्या ज्या सचित्र हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी सर्वांत जुन्या प्रतीही इसवी सन 1300 च्या सुमाराच्या आहेत. म्हणजे कागदावरच्या त्या चित्रांहून मातीच्या या पेल्यावरील चित्रे कितीतरी जुनी होत.

1219 सालापासून मोंगोलांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. गावे ओस पडली, आश्रयदाते नाहीसे झाले. काशानच्या भट्ट्या सर्वस्वी विझल्या नाहीत. परंतु मिनाई भांडी घडणे लवकरच थांबले. पुढे गडद निळ्या झिलईवर सोन्याच्या वर्खाची नक्षी असलेली ‘लाजवर्दी’ भांडी आली. अनेक रंगांनी कथा सांगणारा तो कुंचला पुन्हा तसा चालला नाही. अवघ्या काही दशकांत ही कला जन्मली आणि मावळली.

मग आज आपणांस तिची माहिती कशी? काशानच्या एका प्रसिद्ध कुंभार घराण्यात जन्मलेला अबुल कासिम हा दरबारी इतिहासकार झाला. त्याने 1301 साली रत्ने व सुगंधी द्रव्ये यांवरील आपल्या ग्रंथात भांडी घडविण्याची कृतीही लिहून ठेविली. गारगोटीची पूड किती घ्यावी, निळा रंग देणारा दगड जवळच्या कमसर गावी कसा मिळतो, हे सारे त्याने नमूद केले. पुढे विद्वानांनी जुन्या खापऱ्या तपासल्या, तेव्हा त्याच्या लिहिण्याची सत्यता पटली. काही व्यापाऱ्यांनी फुटकी भांडी जोडून त्यांवर नवे रंग चढविले होते. त्यांतील खरे कोणते व खोटे कोणते, हे ओळखण्यासही असे ज्ञान उपयोगी पडते.

अबुल कासिम हा स्वतः भट्टीपाशी बसणारा राहिला नव्हता. तरीही पूर्वजांच्या हातातील विद्येला त्याने हलके लेखिले नाही. ती कागदावर उतरविण्याइतके तिचे मोल त्याने जाणले, म्हणून सातशे वर्षांनंतरही आपण ती वाचू शकतो.

स्वाध्याय
1. मिनाई भांडी दोनदा का भाजावी लागत?
2. फ्रीअर संग्रहालयातील पेल्याचे महत्त्व कोणते?
3. अबुल कासिमने कोणते मोलाचे कार्य केले?
4. आपल्या गावातील एखाद्या कारागिरास भेटा व त्याच्या कामाची कृती त्याच्याच शब्दांत लिहून काढा.