हौस सगळ्यांची, शेणही सगळ्यांचं

अगं, तुझी यादी वाचली. मागच्या मोकळ्या जागेत परसबाग, कोंबड्या, दोन शेळ्या, एक गाय, पोरांसाठी कुत्र्याचं पिल्लू आणि प्रत्येक सुटीला कुठंतरी फिरणं. शहरातल्या दोन खोल्या सोडून फर्दापूरला सासरच्या घरी राहायला आलीस, तर हे सगळं सुचणारच. यातलं एकही वाईट नाही. फक्त यादीत एक रकाना राहिलाय. प्रत्येक गोष्टीपुढं ती करणार कोण, त्याचं नाव लिही. तो रकाना रिकामा सोडलास की तिथं आपोआप तुझंच नाव लागतं. कोंबड्या पोराच्या, कुत्रा पोरीचा, गाय पाहुण्यांच्या, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या, हौसेची, आणि शेण, पाणी, झाडलोट तुझी. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी थोरली म्हणून सांगते.

आधी तुमच्या घराचा आठवडा नीट बघ. पाहुण्यांचं दुकान टी पॉइंटवर, अजिंठा लेण्यांच्या फाट्याशी. लेणी सोमवारी बंद, म्हणून त्यांची सुटी सोमवारी. पोरांची सुटी रविवारी, आणि रविवारी दुकानात पाणी प्यायला फुरसत नसते. दिवाळी आणि नाताळात पोरं घरी असतात तेव्हा पर्यटकांचा हंगाम भरात असतो. हे बदलायचं नाही, ह्यातच बसवायचं. आठवड्याचं जड काम, म्हणजे खुराडं धुणं, विष्ठा खड्ड्यात टाकणं, जाळी नीट करणं, हे सोमवारी पाहुण्यांकडं. दाणापाणी आणि अंडी गोळा करणं पोरांकडं, शाळेच्या आधी. सासूबाईंना बसल्या बसल्या होईल ते दे. बी निवडणं, राखेत घोळवून ठेवणं, पिल्लांवर नजर ठेवणं. त्यांना यातलं आपल्या दोघींपेक्षा जास्त कळतं. विचारत राहा, त्या आपण होऊन हात लावतील.

आता क्रम. पहिलं पाणी, दुसरी परसबाग, मग कोंबड्या. शेळी पुढच्या वर्षी. गायीचं नाव सध्या काढूच नकोस. आपण घाटाच्या पायथ्याशी, पावसाळ्यात डोंगरातून पाणी धो धो येतं आणि मे महिन्यात हंडे घेऊन उभं राहायची पाळी येते. दुभत्या जनावराला उन्हाळ्यात नुसतं प्यायलाच रोज पन्नास लिटरच्या पुढं पाणी लागतं. शिवाय धार दोन्ही वेळची. गाय दारात आली की घरातल्या एका बाईचं माहेर बंद होतं, आणि ती बाई कोण असेल ते तुला माहीत आहे.

परसबागेला वेगळं पाणी काढू नकोस. न्हाणीघराच्या मोरीचं पाणी दगड-वाळू भरलेल्या खड्ड्यातून सोड आणि त्याच्या कडेला केळी लाव, थोड्या अंतरावर पपई. साबणाचं पाणी मेथी-पालकाच्या वाफ्यात मात्र थेट सोडायचं नाही. शेवग्याची फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की जगते, पण कुंपणापासून जरा आत रोव. त्याचं लाकूड ठिसूळ, वादळात फांदी मोडून शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडली तर शेंगांपेक्षा भांडण महाग पडतं. कढीपत्ता आणि लिंबू आत्ताच लाव, कारण त्यांना वेळ लागतो. लिंबाला तीन-चार वर्षं धरून चाल.

वेल लावायचे ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दोडका, कारलं, गंगाफळ. आळी करून शेणखत घालून बी टोचायचं, पहिल्या पावसापर्यंत तांब्या-तांब्याने पाणी घालायचं. बी विकत आणण्याआधी गल्लीत विचार. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाण्यांसाठी. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घरातच बी जपायला सुरुवात केली आणि तिथून बियाण्यांची बँक उभी राहिली. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. पहिलं चांगलं फळ भाजीला न कापता वेलावरच पिकू द्यायचं, एवढं केलंस तरी पुढच्या साली दुकानात जावं लागत नाही.

कोंबड्या पाच-सहाच आण, त्याही गावरान. वर्षाला साठ-सत्तर अंड्यांच्या वर फार जात नाहीत, सुधारित जाती दुपटीनं देतात. पण गावरान कोंबडी स्वतः खुडूक बसते, दहा-बारा अंडी नीट उबवते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं काढते. तुला मशीन नको, लाइट गेल्याची काळजी नको. पिल्लांचे पहिले काही आठवडे जिवाचे. वर घार, खाली मुंगूस, मधे शेजारचं मांजर. त्या दिवसांत त्यांना टोपलीखाली किंवा जाळीत ठेवायचं. सासूबाईंची नजर तिथंच कामाला येते.

कोंबड्यांत मानमोडीची साथ आली की गल्लीतली खुराडी एका आठवड्यात रिकामी होतात. त्यावर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोन महिन्यांच्या आसपास टोचायची दुसरी लस. अडचण अशी की लसीची छोटी बाटलीसुद्धा साधारण शंभर कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून तारीख ठरवून चार-पाच घरच्या बायका एकत्र या. एकीनं बर्फाच्या थर्मासमधून बाटली आणायची, बाकीच्यांनी पिल्लं टोपलीत धरून तयार राहायचं. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेव, कुठल्या दिवशी लस येते ते. गल्लीतल्या बायकांशी ओळख व्हायला हळदीकुंकवाची वाट बघायची गरज नाही, हे कारण पुरे.

खुराडं जमिनीपासून हातभर वर असू दे, जाळी बारीक. अंड्यांच्या आणि उंदरांच्या मागं साप येतो. धान्याची कोठी, लाकडाचा ढीग आणि खुराडं एकाला एक लागून ठेवू नकोस. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि चप्पल, पोरांनासुद्धा. देव न करो, कुणाला साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. चावलेला भाग हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. ही गोष्ट घरात आधीच बोलून ठेव, कारण त्या वेळी दहा जणं दहा सल्ले देतात.

पुढच्या वर्षी शेळी आणशील तेव्हा एक आणू नकोस, दोन आण. एकटी शेळी दिवसभर ओरडून घर डोक्यावर घेते. आपल्या मराठवाड्याची उस्मानाबादी चांगली. काळी, काटक आणि जुळी देणारी. पाच महिन्यांत विते, म्हणजे आज फळली तर कधी जागरण आहे ते आधीच कळतं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकवायची नाही, कारण पहिला कोवळा हिरवा चारा हावरटासारखा खाऊन धडधाकट शेळी सकाळी मेलेली सापडते. पीपीआरची लसही वेगळी टोचून घे. कोवळ्या ज्वारीत सोडायचं नाही, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. आणि आपल्या भागात कपाशी सगळीकडे, तेव्हा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचं गवत कापून आणू नकोस, कुणी फुकट दिलं तरी. घर डोंगराकडच्या अंगाला आहे, म्हणून रात्री गोठा चारी बाजूंनी बंद. बिबट्या येईल का, ह्यावर वाद घालत बसायचं नाही.

पिल्लाचं काय, तर पोरीला कुत्रा हवा आहे ना, मग तिच्याकडून आधी महिनाभर कोंबड्यांचं पाणी भरून घे. निभावलं तर पिल्लू आण. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, महिन्यानं पुन्हा, मग दर वर्षी. त्या तारखा कॅलेंडरवर तिच्याच अक्षरात. आपलं किंवा रस्त्यावरचं कुणाचंही कुत्रं चावलं, ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. लहानपणी आपल्याला लावलं होतं म्हणून आता लावायचं नाही.

आता फिरणं. जनावरं असलेल्या घरानं अर्ध्या दिवसाच्या सहली शोधाव्यात. सकाळी खुराडं उघडून निघायचं आणि संध्याकाळी बंद करायला परत. आपलं नशीब असं की जग जिथं विमानानं येतं ते आपल्यापासून पाचेक किलोमीटरवर आहे. रविवारी पोरांना घेऊन तूच जा. टी पॉइंटवरून एसटीची बस आहे, नऊला लेणी उघडतात तेव्हाच पोच. सगळी तीस लेणी एका दिवसात दाखवायचा हट्ट नको. एका वेळी दोन-तीन. घरी जनावरं असलेल्या पोरांना अजिंठ्यात काय दिसतं बघ. पहिल्या लेण्यात एकाच डोक्याची चार हरणं आहेत, ती शोधायला लाव. दुसऱ्या लेण्यात हंसांची रांग. सोळाव्याच्या पायऱ्यांशी दगडी हत्ती, सतराव्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा. आत गेल्यावर जरा वेळ गप्प उभं राहायचं, डोळे अंधाराला सरावतात आणि रंग दिसायला लागतात. खाण्याची पिशवी वानरांसमोर उघडायची नाही. पावसाळ्यात सप्तकुंडाचा धबधबा लांबूनच बघायचा, कड्यावर शेवाळ असतं.

सोमवारी पाहुणे मोकळे, पण लेणी बंद. पोरांच्या मोठ्या सुटीतले सोमवार सोयगावच्या बाजूसाठी ठेव. वेताळवाडीचा किल्ला, रुद्रेश्वराचं लेणं. आणि थंडीत एक दिवस शेतात भरीत पार्टी. हिरवी मोठी वांगी पऱ्हाट्यांच्या आरावर भाजायची, लसूण-मिरची घालून ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. त्या दिवशी वांगी भाजणं आणि ठेचणं पुरुषांकडं, हे आधीच जाहीर कर. भाकरी आदल्या रात्री तूच थापत बसलीस तर ती तुझी सहल नव्हे.

शेवटचं, आणि हे कुणासमोर बोलू नकोस. अंड्यांचे पैसे वेगळे ठेव. गावरान अंड्याला गिऱ्हाईक दारात येतं. ते पैसे दूध-साखरेत मिसळले की वर्षाच्या शेवटी सगळे म्हणतात, कोंबड्यांतून काय मिळतं? बचत गटात भर किंवा तुझ्या पासबुकात. दाण्याचा खर्च त्यातूनच काढ, म्हणजे हिशेब खरा राहतो. पुढच्या वर्षी शेळ्या त्याच पैशातून घे. स्वतःच्या पैशातून घेतलेल्या शेळीची विक्री ठरवताना घर तुला विचारतं.

तर या महिन्यात एवढंच कर. मोरीचा खड्डा खण, म्हणजे पाहुण्यांकडून खणून घे. आखाजीला वेल लाव. कोंबड्या पाऊस स्थिरावल्यावर, खुराडं तयार झालं की. आणि पहिली पिल्लं फुटली की त्याच दिवशी फोन कर. बाटली शंभरची असते, माझी पिल्लंही त्याच सुमाराला काढते. थर्मास मी आणीन.